थेंब हवेत थांबवणे आणि उलटे चढवणे: स्ट्रोब, फ्लुरोसंट पाणी आणि बाकीचा खटाटोप

उलटीधार

काळोखात हिरवे चमकणारे थेंब नळीखाली ओळीने लटकलेत, हलत नाहीत. बटण जरासं फिरवलं की सगळी ओळ सावकाश वर सरकते आणि थेंब एकेक करून नळीत परत शिरतात. याचे व्हिडिओ बहुतेकांनी पाहिले असतील आणि बऱ्याच जणांना ते एडिट केलेले वाटले असतील. एडिट काही नसतं. समोर उभं राहिलं तर नुसत्या डोळ्यांना अगदी असंच दिसतं, आणि त्या "थांबलेल्या" थेंबांत बोट घातलं की पाणी बोटावरून ओघळून खालीच जातं. मला या प्रकाराचं जबरदस्त वेड आहे, म्हणून हा धागा. करून पाहिलेल्यांनी भर घालावी, करायचंय त्यांनी बिनधास्त विचारावं.

तत्त्व सोपं आहे. समजा सेकंदाला ७५ थेंब सुटतायत आणि दिवाही सेकंदाला ७५ वेळा क्षणभर पेटतोय (असा ठरावीक तालात लखलखणारा दिवा म्हणजेच स्ट्रोब). दोन लखलखाटांच्या मधल्या काळात प्रत्येक थेंब बरोबर पुढच्या थेंबाच्या जागी पोचलेला असतो. थेंब सगळे सारखेच, मधला प्रवास अंधारात झालेला, त्यामुळे डोळ्याला कुणी हललंय असं वाटायला कारणच उरत नाही. दिवा ७५ ऐवजी ७५.५ केला तर थेंब त्या जागी पोचायच्या किंचित आधीच पकडला जातो आणि ओळ वर चढू लागते. ७४.५ केला तर संथपणे खाली उतरते. वेगही लगेच काढता येतो: फरक अर्ध्या हर्ट्झचा (हर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती वेळा) असेल तर ओळ दोन सेकंदांत एक थेंबभर अंतर सरकते. दिवा दुप्पट वेगाने लावला तर थेंबांची संख्या दुप्पट दिसते.

हे नवं नाही. फिरत्या तबकडीतल्या फटींतून बघून हालचाल पकडायची युक्ती बेल्जियमचे प्लॅटो (Plateau, ग्रीक तत्त्वज्ञ नव्हे) आणि ऑस्ट्रियाचे श्टाम्पफर या दोघांनी १८३२ च्या सुमारास स्वतंत्रपणे काढली. पुढे अमेरिकेच्या एमआयटी या तंत्रसंस्थेतल्या हॅरॉल्ड एजर्टन यांनी १९३० च्या दशकात इलेक्ट्रॉनिक स्ट्रोब रुळवला. दुधाच्या थेंबाचा मुकुट झालेला १९५७ सालचा प्रसिद्ध फोटो त्यांचाच. पडणारे थेंब स्ट्रोबखाली थांबवून दाखवणारं यंत्रही त्यांनी बनवलं होतं.

आता मला जे कळकळीने सांगायचंय ते. नवीन माणूस सगळी मेहनत दिव्यावर घालतो. दिवा हा यातला सोपा भाग आहे. अवघड आहे ते पाणी. थेंब ठरावीक अंतराने, ठरावीक आकाराचे, ठरावीक जागी सुटले नाहीत तर जगातला सर्वोत्तम स्ट्रोबसुद्धा नुसता धुरळा दाखवतो.

पाण्याची बारीक धार आपणहूनच थेंबांत तुटते. पृष्ठताणामुळे धारेवरचा छोटासा फुगवटा वाढत जातो आणि आकसलेली जागा आणखी आकसते. कोणता फुगवटा सगळ्यात झपाट्याने वाढेल याचं गणित ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ रेले यांनी १८७८ मध्ये मांडलं: लागोपाठच्या दोन फुगवट्यांतलं अंतर धारेच्या जाडीच्या साडेचार पट असताना. म्हणजे धार ३ मिलिमीटर जाड आणि वेग सेकंदाला १ मीटर असेल, तर ती सेकंदाला साधारण ७४ थेंब द्यायला राजी असते. पण एकटी सोडली तर ती कधी ७०, कधी ८० देणार. तिला ताल द्यावा लागतो. नळीला छोटा स्पीकर किंवा कंपन करणारी मोटर जोडून आपण ७५ चा ताल दिला की धार तोच उचलते आणि थेंब शिस्तीत सुटू लागतात. धार अशी तालावर आलेली पहिल्यांदा दिसते तेव्हा अंगावर काटा येतो.

आकड्यांत अगदी अडकू नका. फुगवट्यांतलं अंतर धारेच्या परिघापेक्षा जास्त असलं म्हणजे झालं, त्याहून कमी असेल तर तो फुगवटा वाढतच नाही. वरच्या धारेसाठी ही मर्यादा १०६ च्या आसपास येते. त्यामुळे ५० पासून ९० पर्यंत कुठलाही ताल ती बऱ्यापैकी ऐकते.

पाण्याच्या रंगाबद्दल आपले सदस्य 'रंगारी' सांगतील, त्यांना मुद्दाम बोलावलंय.

निद्रिस्त ज्वालामुखी

जबरदस्त धागा! वाचनखूण साठवली. एक बाळबोध शंका. पाणी चमकणारं कशाला हवं? साध्या पाण्यावर पांढरा स्ट्रोब टाकला तर थेंब दिसणार नाहीत का?

उलटीधार

@निद्रिस्त ज्वालामुखी, दिसतात, पण उपाशी दिसतात. पाणी पारदर्शक. थेंबावर दिव्याचं एक बारीक प्रतिबिंब चमकतं आणि आत मागच्या दृश्याचं उलटं चित्र दिसतं, बाकी थेंब जवळजवळ गायब. शिवाय दिव्याचा प्रकाश भिंतीवर, नळीवर, बघणाऱ्यांच्या चेहऱ्यांवर पडतो आणि काळोख राहत नाही. फ्लुरोसंट रंग (एका रंगाचा प्रकाश शोषून दुसऱ्या रंगात चमकणारा) घातला आणि दिवा अतिनील किंवा जांभळा ठेवला की अख्खा थेंब आतून उजळतो आणि आजूबाजूचं सगळं काळं राहतं. थेंबाची कडा अगदी काढल्यासारखी दिसते. तो परिणाम पांढऱ्या दिव्याने येत नाही.

रंग अजिबात नको असेल तर पाण्यात थोडं दूध घालून काळ्या कापडासमोर करा. तेही छान दिसतं.

रंगारी

बोलावलंत, आलो. 🙂

आधी सगळ्यात महत्त्वाचं, कारण इथे लोक हमखास फसतात. या कामाला रंग निवडताना तो स्वतः अंधारात चमकत राहणारा नको. रेडियमच्या स्टिकरमध्ये असते ती पावडर (हल्ली ती स्ट्रॉन्शियम ॲल्युमिनेट असते) दिवा विझल्यावरही तासन् तास चमकते. म्हणजे दोन लखलखाटांच्या मधला अंधार संपला. थेंब चमकत चमकत खाली जाणार आणि डोळ्याला नुसती हिरवी रेघ दिसणार. ल्युमिनॉल किंवा ग्लोस्टिकमधलं द्रव (रासायनिक क्रियेने आपलं आपण चमकणारे पदार्थ) यांचंही तेच. आपल्याला असा रंग हवा की जो प्रकाश पडला तरच चमकेल आणि प्रकाशाबरोबरच विझेल.

फ्लुओरेसीन इथे आदर्श आहे. प्रकाश तुटल्यावर त्याची चमक सुमारे ४ नॅनोसेकंदांत मावळते. तेवढ्या वेळात सेकंदाला ३ मीटर वेगाने पडणारा थेंब १२ नॅनोमीटर सरकेल. चमक रेंगाळण्याची काळजीच नको. हा रंग ॲडॉल्फ फॉन बायर यांनी १८७१ मध्ये पहिल्यांदा बनवला आणि डोळ्यांचे डॉक्टर बुबुळावरचा ओरखडा बघायला आजही तोच वापरतात. तो ४९० नॅनोमीटरच्या आसपासचा निळा प्रकाश सगळ्यात आवडीने शोषतो आणि ५१५ च्या आसपास हिरवा परत देतो. त्यामुळे अतिनील दिव्याचा हट्ट नको. ४७० चा साधा निळा एलईडी उत्तम चालतो. बघणाऱ्याच्या डोळ्यांसमोर पिवळा फिल्टर धरला की निळा प्रकाश अडतो आणि फक्त हिरवे थेंब उरतात.

दोन पथ्यं. एक, पाणी किंचित अल्कधर्मी ठेवा, चिमूटभर खायचा सोडा पुरतो. आम्लधर्मी पाण्यात फ्लुओरेसीन पिवळट दिसतं पण चमक मरते. दोन, जास्त रंग घालायचा मोह टाळा. एका लिटरला काही मिलिग्रॅम पुरे. गडद झालं की सगळा प्रकाश थेंबाच्या दिव्याकडच्या सालीतच शोषला जातो, थेंब अर्धाच उजळतो आणि आणखी गडद झालं तर एकूण चमकच घटते. "अजून थोडं घालू" म्हणणाऱ्याला इथे नेहमी उलटं फळ मिळतं.

हायलायटर पेनची शाई चालते, पिवळ्या पेनात बहुधा पायरानिन असतं. ब जीवनसत्त्वाच्या गोळीतलं रायबोफ्लेविनही पिवळट हिरवं चमकतं, मुलांबरोबर करायचं असेल तर मी तेच सुचवीन. मात्र ते उजेडात लवकर बिघडतं, बाटलीला काळा कागद गुंडाळा. ऱ्होडामिन बी दिसायला फार देखणं, नारिंगी-लाल. पण ते हाताला, कपड्याला, फरशीला धरतं आणि तब्येतीलाही बरं नाही. घरी मी वापरत नाही.

कपडे धुवायच्या पावडरीतला निळा चमकणारा घटक काही जण सुचवतात. नकोच. साबणाने पृष्ठताण उतरतो आणि फेस होतो, म्हणजे उलटीधार ताईंनी सांगितलेलं सगळं धारेचं गणितच बिघडलं.

अवांतर: फ्लुओरेसीन किती पुरवून येतं याचं माझं आवडतं उदाहरण. जर्मनीत डॅन्यूब नदीचं पाणी एका जागी जमिनीत मुरून आख नावाच्या झऱ्यात निघतं की काय हे ठरवायला १८७७ मध्ये सुमारे १० किलो रंग मुरणाऱ्या पाण्यात सोडला. साधारण ६० तासांनी तो १२ किलोमीटर दूरच्या झऱ्यात हिरवागार निघाला. त्यामुळे आपलं वापरलेलं पाणी विहिरीत, ओढ्यात ओतू नका. ब्लीचचे थोडे थेंब घातले की रंग मरतो. आधी उघड्या हवेत, दुसरं कुठलंही रसायन जवळ नसताना ते करा आणि मग मोरीत सोडा.

खिळेमोळे

दिवा सोपा आहे म्हणालात ताई, तर त्या सोप्या भागातल्या खाचा मी सांगतो. 😀

लखलखाट किती लांब हवा? नळीतून सेकंदाला १ मीटरने सुटलेलं पाणी ४० सेंटिमीटर खाली पोचेपर्यंत सुमारे ३ मीटर वेगाने जात असतं. दिवा १ मिलिसेकंद पेटला तर तेवढ्यात थेंब ३ मिलिमीटर सरकतो, म्हणजे अर्धा थेंब फिसकटला. ०.२ मिलिसेकंद ठेवा, फक्त ०.६ मिलिमीटर. पण मग ७५ हर्ट्झला दिवा एकूण वेळाच्या दीड टक्काच पेटलेला असतो. त्यामुळे एखाद-दुसऱ्या छोट्या एलईडीने भागत नाही, दांडगी पट्टी किंवा ३ वॉटच्या चार-सहा एलईडी लागतात. नेहमीच्या एलईडी बल्बचा ड्रायव्हर एवढ्या झटपट चालू-बंद होत नाही. १२ व्होल्टची नुसती पट्टी किंवा सुटे एलईडी घ्या.

नियंत्रणाला आर्डुइनो (प्रोग्राम घालता येणारा छोटा बोर्ड) आणि लॉजिक-लेव्हल मॉस्फेट (बोर्डाच्या ५ व्होल्टवर पुरता उघडणारा इलेक्ट्रॉनिक स्विच). आयआरएलझेड४४एन चालतो. आयआरएफ५४० लावू नका, ५ व्होल्टला तो पुरता उघडत नाही. ५५५ टायमर या साध्या चिपनेही होतं, पण तापमान बदललं की वारंवारता सरकते आणि थेंब आपोआप चालू लागतात.

आर्डुइनोच्या प्रोग्राममध्ये delay ही थांबायची आज्ञा वापरणाऱ्यांचं गाडं इथेच अडतं. delay मिलिसेकंदांत मोजतो. १३ दिले तर ७६.९ हर्ट्झ, १४ दिले तर ७१.४. मधलं काही नाही. थेंब थांबवायचे तर हर्ट्झच्या शंभराव्या भागापर्यंत जावं लागतं, म्हणून मायक्रोसेकंदांत मोजा. तिथेही एक मेख आहे. delayMicroseconds हे फंक्शन १६३८३ पर्यंतच भरवशाचं. ६१ हर्ट्झच्या खाली जायचं झालं की त्यापेक्षा मोठी संख्या लागते आणि ते काहीतरी भलतंच करतं. एक मोठी थांब दोन तुकड्यांत द्या, किंवा सरळ बोर्डाच्या चिपमधला टायमर १ वापरा. ८ चा प्रीस्केलर (घड्याळाचे ठोके ८ ने भागणारी सोय) लावला की अर्ध्या मायक्रोसेकंदाच्या पायऱ्या मिळतात आणि खाली ३०.५ हर्ट्झपर्यंत जाता येतं.

आणि कृपा करून स्पीकरचा ताल आणि दिव्याचा ताल एकाच बोर्डावरून द्या. उनो या आर्डुइनो बोर्डावर घड्याळ म्हणून सिरॅमिक रेझोनेटर असतो, तो अर्ध्या टक्क्यापर्यंत इकडेतिकडे असू शकतो. ७५ च्या अर्धा टक्का म्हणजे ०.३७ हर्ट्झ. दोन बोर्डांना तुम्ही कागदावर एकच आकडा दिलात तरी ओळ चालत राहील आणि तुम्ही दोष पाण्याला द्याल.

सुरक्षेचं: पाण्याजवळ फक्त १२ व्होल्ट. अडॅप्टर टेबलाच्या दुसऱ्या टोकाला, पाण्यापेक्षा उंचावर. आणि खोलीतला पंखा बंद. स्ट्रोबखाली फिरतं पातं थांबल्यासारखं दिसू शकतं. कारखान्यात लेथवर ट्यूबलाइट लावताना हीच भीती असते, म्हणून तिथे दोन ट्यूबा वेगवेगळ्या टप्प्यांवर लुकलुकतील अशा जोडायची पद्धत होती.

मास्तर९वीअ

उत्तम चर्चा. मी शाळेत विज्ञान शिकवतो. हा प्रयोग नुसता गंमत म्हणून न दाखवता मोजमापासाठी वापरता येईल का, असा विचार करत होतो. थेंबांमधलं अंतर खाली वाढत जातं ते व्हिडिओतही दिसतं. त्यावरून गुरुत्व त्वरण काढता येईल ना?

उलटीधार

सर, अगदी येतं, आणि फार सुंदर येतं! प्रत्येक अंतर आधीच्या अंतरापेक्षा नेमकं g (गुरुत्व त्वरण) गुणिले दोन थेंबांमधल्या वेळेचा वर्ग एवढ्याने मोठं असतं. ताल ५० हर्ट्झ असेल तर दोन थेंबांत ०.०२ सेकंद, म्हणजे प्रत्येक अंतर आधीच्यापेक्षा ३.९ मिलिमीटरने जास्त. यातली खरी मजा अशी की थेंब नळीतून किती वेगाने सुटला याचा या वाढीशी संबंधच नाही. तो वेग मोजायची कटकट वाचते.

मागे मिलिमीटरची पट्टी उभी करा, थेंब थांबवा, फोटो काढा. सलग अकरा थेंबांत दहा अंतरं मिळतात. शेवटच्यातून पहिलं वजा केलं की सुमारे ३५ मिलिमीटर यायला हवेत. त्याला ९ ने भागा, ०.०२ च्या वर्गाने भागा, झालं. पट्टी आणि थेंब कॅमेऱ्यापासून सारख्याच अंतरावर ठेवा, नाहीतर माप चुकतं. मुलांना थांबलेल्या थेंबांवर पट्टी धरून पडत्या वस्तूचं त्वरण मोजायला मिळणं, याहून चांगला तास मला सुचत नाही.

आणखी एक दाखवा. मुलांना थेंब म्हटलं की वर निमुळता, खाली गोल असं चित्र काढायची सवय असते. स्ट्रोबखाली त्यांना दिसेल की थेंब कधी चपटा, कधी उभट, कधी गोल असतो. धारेतून तुटल्यावर तो काही काळ लवलवत राहतो. ३ मिलिमीटरच्या धारेतून साधारण साडेपाच-पावणेसहा मिलिमीटरचे थेंब होतात आणि एवढा थेंब गणिताने सेकंदाला २५ च्या आसपास वेळा लवलवतो. ताल ७५ असेल तर ओळीतला दर तिसरा थेंब साधारण एकाच आकाराचा दिसतो. वरून खाली नुसती नजर फिरवली की एका थेंबाचा अख्खा प्रवास समोर मांडलेला.

अर्धवैद्य

मास्तर, वर्गात करणार म्हणताय म्हणून लगेच लिहिते. सेकंदाला ३ ते ३० या पट्ट्यातला लखलखाट काही जणांना फिट आणू शकतो. अपस्मार असलेल्यांपैकी साधारण ३ टक्के लोक असे प्रकाशाला संवेदनशील असतात आणि त्यात मुलं आणि किशोरवयीन जास्त. बऱ्याच जणांना पहिली फिट येईपर्यंत आपण त्यातले आहोत हे माहीतच नसतं. १९९७ मध्ये जपानात टीव्हीवरच्या एका कार्टूनमधल्या लाल-निळ्या लुकलुकाटानंतर सहाशेहून जास्त जणांना, बहुतेक मुलांनाच, रुग्णालयात न्यावं लागलं होतं. तो लुकलुकाट सेकंदाला १२ च्या आसपास होता.

त्यामुळे प्रोग्राममध्येच किमान मर्यादा ५० घाला, बटण कुणीही फिरवलं तरी खाली जाता कामा नये. काही संवेदनशील लोकांना ५०-६० लाही त्रास होतो, म्हणून आधी विचारा, पालकांना कळवा, दाराजवळ बसायची मुभा द्या. कुणाला अस्वस्थ वाटलं तर डोळे मिटणं पुरत नाही, पापण्यांतून प्रकाश आत जातोच. एक डोळा तळहाताने पूर्ण झाका आणि तोंड फिरवा. दिवा बंद करायचं बटण शिक्षकाच्या हाताशी हवं.

अतिनील दिव्याबद्दल: ३६५ नॅनोमीटरचा प्रकाश डोळ्याला जवळजवळ दिसत नाही, त्यामुळे डोळ्याची बाहुली आकसत नाही आणि माणूस त्यात बघत राहतो. ३९५-४०५ वाला निदान जांभळा दिसतो. रंगारींनी सांगितलेला ४७० चा निळा वर्गासाठी सगळ्यात बरा. कोणताही असो, तोंड पाण्याकडे, बघणाऱ्यांकडे नाही.

निद्रिस्त ज्वालामुखी

अर्धवैद्य ताई, एक विचारतो. मी एका जागी पाहिलं की सलाईनच्या नळीतून थेंब सोडतात, थेंब वाटेत इन्फ्रारेड सेन्सर ओलांडतो आणि सेन्सरच दिवा पेटवतो. स्पीकर नको, पंप नको, थेंब अनियमित असले तरी चालतं, कारण प्रत्येक थेंब आपला दिवा आपणच लावतो. दर थेंबाला दिवा थोडा उशिरा पेटवत गेलं की थेंब सावकाश पडताना दिसतो. नवख्याला हेच सोपं ना? पण त्यात सेकंदाला आठ-दहाच थेंब असतात.

अर्धवैद्य

आठ-दहा म्हणजे बरोबर त्या धोक्याच्या पट्ट्यात. एकट्याने, स्वतःबद्दल खात्री असताना, खोलीत मंद दिवा लावून करत असाल तर तुमचा निर्णय. जमावासमोर मी त्याला परवानगी देणार नाही.

उलटीधार

मी ताईंच्या बाजूची. सेन्सरची पद्धत हुशारीची आहे आणि थेंब पाण्यात आपटून मुकुट होतो त्याचे फोटो काढायला तिला तोड नाही, तिथे एका थेंबाला एकच लखलखाट पुरतो. पण डोळ्यांनी बघायच्या भ्रमासाठी ती कमी पडते. सेकंदाला दहा म्हटलं की डोळ्याला सरळ लुकलुक दिसते आणि "पाणी थांबलंय" हा भाव येतच नाही. ५०-६० च्या वर लुकलुक विरून जाते आणि प्रकाश सलग वाटतो. भ्रम तिथे जन्मतो.

पाऊलवाट

नमस्कार, गेले काही दिवस मूकवाचक होतो, आता अडलोय म्हणून लिहितो. स्पीकर, नळी, निळे एलईडी, सगळं वर लिहिल्याप्रमाणे. फ्लुओरेसीनही आहे. नळीखालचे पहिले पाच-सहा थेंब सुरेख थांबतात, पण त्याखाली सगळं पसरट होतं. शिवाय मोठ्या थेंबांच्या मध्ये बारीक बारीक थेंब नाचतात. आणि काही मिनिटांत ताल आपोआप बिघडतो. पाणी छोट्या बुडत्या पंपाने थेट नळीत येतं.

उलटीधार

@पाऊलवाट, तुमचा दिवा ठीक आहे. दिव्याची चूक असती तर वरचे थेंबही फिसकटले असते.

पंप थेट नळीला जोडलाय हेच मूळ. त्याचे पंखे पाण्याला स्वतःचे धक्के देतात आणि धार दोन तालांच्या कात्रीत सापडते. वरच्या थेंबांत तो फरक केसाएवढा असतो, खाली येईपर्यंत वाढतो. पंपाने पाणी वरच्या एका डब्यात चढवा, डब्याला ठरावीक उंचीवर सांडवा ठेवा आणि डब्याच्या तळातून धार काढा. पातळी सांडव्यापाशी कायम राहते, म्हणून वेग कायम राहतो. वेग फक्त पाण्याच्या उंचीवर ठरतो: ५ सेंटिमीटर उंचीला गणिताने सुमारे १ मीटर प्रतिसेकंद, २० ला सुमारे २. तोटीत थोडा कमीच मिळतो. पातळी उतरली की धार मंदावते, थेंबांमधली अंतरं आक्रसतात. काही मिनिटांत बिघडतं ते बहुधा यामुळेच. पंपच नको असेल तर मारिओटची बाटली करा: बूच घट्ट, बुचातून एक उघडी काडी पाण्यात खोलवर. हवा काडीच्या खालच्या टोकातून आत येते, त्यामुळे पाणी काडीच्या त्या टोकापर्यंत उतरेपर्यंत टोकापाशी दाब बदलत नाही.

तोटी तपासा. नळी कात्रीने कापली असेल तर कडा तिरपी आणि केसाळ असते. धारदार पात्याने काटकोनात कापा, किंवा इंजेक्शनच्या सिरिंजचं तयार तोंड घ्या. माझ्या मते या एका गोष्टीने जितका फरक पडतो तितका दुसऱ्या कशाने पडत नाही.

मधले बारीक थेंब हे धार तुटताना मधल्या दोऱ्यातून होतात. स्पीकरचा आवाज कमी-जास्त करत एक जागा शोधा जिथे ते मोठ्या थेंबात मिसळून जातात. ताल पाच-दहा हर्ट्झने बदलूनही बघा.

खिळेमोळे

+१. आणि स्पीकर नळीला कुठे जोडलाय? तोटीपासून चार-पाच सेंटिमीटरवर, चिकटपट्टीने नाही, गोंदाने घट्ट. सैल जोड खडखडतो आणि त्याचा तालच वेगळा असतो. नळीला तोटीजवळ मजबूत आधार द्या, म्हणजे धार डावी-उजवीकडे हेलकावणार नाही.

पाऊलवाट

डबा वर ठेवला, सांडवा केला, सिरिंजचं तोंड लावलं. काय सांगू! जमिनीपर्यंत अख्खी माळ उभी राहिली. बारीक थेंब स्पीकरचा आवाज थोडा वाढवल्यावर गेले. वर चढवली तेव्हा घरातले सगळे येऊन बघून गेले, आजी दोनदा आल्या. मनापासून आभार.

आता व्हिडिओ काढतोय तर त्यात काळे पट्टे सरकतात. डोळ्यांना काहीच दिसत नाही, फोनमध्येच.

कॅमेराकोन

पाऊलवाट, फोनचा सेन्सर चित्र एकदम घेत नाही, ओळीओळीने वरून खाली घेतो. काही ओळींच्या वाट्याला लखलखाट येतो, काहींच्या येत नाही, तेच काळे पट्टे. उपाय: ताल ६० करा, व्हिडिओ सेकंदाला ३० फ्रेमवर, मॅन्युअल मोडमध्ये शटर १/३०. मग प्रत्येक ओळीला नेमके दोन लखलखाट मिळतात आणि पट्टे जातात. ७५ ला ३० फ्रेम ठेवल्या तर कधी दोन, कधी तीन मिळणार, हिशोब जुळणारच नाही. फोकस आणि व्हाइट बॅलन्सही लॉक करा, आणि एक्स्पोजर एवढं खाली आणा की थेंबाच्या पोटातली छटा दिसेल. फ्लुओरेसीनचा हिरवा फार लवकर फुटतो आणि थेंब सपाट पांढरे होतात. लेन्ससमोर पिवळा फिल्टर हवाच.

इंटरनेटवर नागमोडी गोठलेली धार दिसते, ती बहुतेक वेळा स्ट्रोबविनाच असते. स्पीकरवरची नळी २४ हर्ट्झने हलवायची आणि कॅमेराही २४ फ्रेमवर. ती फक्त कॅमेऱ्याला दिसते, समोर उभ्या माणसाला हलणारी धारच दिसते. स्ट्रोबचं काम वेगळं, ते माणसाच्या डोळ्यांसाठी आहे.

मास्तर९वीअ

सर्वांचे आभार. ५० ची मर्यादा प्रोग्राममध्ये घालून घेतली आहे, पालकांना चिठ्ठी जाईल. एक शेवटची विचारणा: एकाच वेळी काही थेंब वर आणि काही खाली जाताना दाखवता येतील का? मुलांसमोर "मग पाणी खरं कुठे चाललंय?" हा प्रश्न त्याने फार नेमका उभा राहील.

उलटीधार

सर, येतात! धारेचा ताल ६० ठेवा आणि दोन वेगळे दिवे लावा. निळा ६०.३ वर, लाल ५९.७ वर. फ्लुओरेसीन निळ्याने हिरवं चमकतं, लाल प्रकाश ते शोषतच नाही. म्हणून पाण्यात अगदी थोडं दूध घाला, म्हणजे लाल प्रकाश थेंबातून विखुरतो आणि थेंब लाल दिसतो. समोर पिवळा फिल्टर, त्यातून हिरवा आणि लाल दोन्ही येतात, निळा अडतो. हिरवी ओळ वर चढते, लाल ओळ त्याच वेळी खाली उतरते, आणि साधारण पावणेदोन सेकंदांनी दोन्ही एकमेकींवर येऊन क्षणभर थेंब पिवळे होतात. पाणी एकच, थेंब तेच.

दूध घातलेलं पाणी त्याच दिवशी टाकून द्या आणि नळी धुवा, नाहीतर तोटी चोंदते.

खिळेमोळे

यासाठी तीन स्वतंत्र ताल लागतील आणि उनोत १६ बिटचा टायमर एकच आहे. ईएसपी३२ हा बोर्ड घ्या, त्यात वेगवेगळे टायमर मिळतात आणि सगळे एकाच क्रिस्टलवर चालतात. फक्त त्याचं आउटपुट ३.३ व्होल्टचं असतं, त्यामुळे मॉस्फेटच्या आधी ड्रायव्हर आयसी (मॉस्फेटला पुरेसा व्होल्टेज देणारी चिप) लावा. सर, प्रोग्राम रविवारपर्यंत इथेच टाकतो, तिन्ही तालांना ५० ची मर्यादा घालूनच.